वाचकांचे प्रश्न : सबमिशनच्या हिवाळ्यात ऑल्ट-कंट्री

मागच्या अंकात अमेरिकी लोकसंगीतावर पानभर टिपण होतं. त्यात ऑल्ट-कंट्रीबद्दल जेमतेम चार ओळी होत्या : कंट्रीची वाद्यं आणि गोष्ट सांगायची पद्धत, पंक-रॉकचा खडबडीतपणा, आणि नॅशव्हिलच्या गुळगुळीत रेडिओ-कंट्रीकडे फिरवलेली पाठ. तेवढ्यावरून आलेली पत्रं पाहता नागपूरच्या होस्टेलांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे संगीत आम्ही समजत होतो त्यापेक्षा बरंच जास्त वाजतं आहे. पत्रं बहुतेक पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची आहेत, म्हणून उत्तरंही त्यांच्या वेळापत्रकाकडे बघून दिली आहेत.

प्रश्न : एम.टेक.च्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. डिसेंबरात सेमिनार, जानेवारीत डिझर्टेशनचा आढावा. तुमचं टिपण वाचून ऑल्ट-कंट्री ऐकायला घेतलं, पण ॲपवर शोधलं की दोन-तीनशे गाण्यांच्या याद्या समोर येतात. दहा गाणी झाली की सगळी सारखीच वाटतात. नेमकी सुरुवात कुठून करू? (बजाजनगर)

याद्या बंद करा. सारखेपणा गाण्यांत कमी आणि याद्यांत जास्त आहे. ॲप एका लयीची, एका जातीच्या आवाजाची गाणी शेजारी शेजारी लावतं, मग कान कंटाळणारच. ही मंडळी अल्बमच्या हिशेबाने काम करतात. चाळीस-पन्नास मिनिटांत एक चढ, एक उतार, मध्ये एखादं जुनं पारंपरिक गाणं, शेवटी काहीतरी लांबलचक. तो क्रम मोडला की निम्मी मजा गेली. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात पाच अल्बम पुरे झाले. एकेकाला दोन आठवडे द्या.

पहिला अल्बम अंकल टुपेलोचा. सेंट लुइसजवळ, पण मिसिसिपी नदीच्या इलिनॉयकडच्या बाजूला बेलव्हिल नावाचं गाव आहे, तिथल्या जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न या तिघांचा हा बँड. त्यांचा १९९०चा पहिला अल्बम 'नो डिप्रेशन'. हे नाव कार्टर फॅमिलीने १९३६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावरून आलं. पुढे १९९५ साली सिएटलमध्ये निघालेल्या मासिकानेही तेच नाव घेतलं आणि अख्ख्या प्रकारालाच लोक 'नो डिप्रेशन' म्हणू लागले. इतिहासासाठी तो महत्त्वाचा, पण सुरुवात त्याने करू नका. त्यातला गिटारचा गोंगाट नव्या माणसाला दमवतो. त्यांचा तिसरा अल्बम घ्या, 'मार्च १६–२०, १९९२'. नावात आहेत त्याच ध्वनिमुद्रणाच्या तारखा. जॉर्जियातल्या अथेन्स शहरात पाच दिवसांत उरकलेलं काम, निर्माता आर.ई.एम. या रॉक बँडचा पीटर बक. जवळजवळ सगळी वाद्यं अकूस्टिक. जुनी पारंपरिक गाणी आणि या पोरांनी स्वतः लिहिलेली गाणी एकमेकांत अशी मिसळली आहेत की जोड सापडत नाही. पहिल्यांदा ऐकताना श्रेयनामावली बघू नका. कोणतं गाणं जुनं आणि कोणतं नवं हे कागदावर लिहा, मग ताडून बघा. निम्मी उत्तरं चुकतील आणि हा प्रकार काय आहे ते तिथेच कळेल.

बँड १९९४ साली फुटला. फरारने सन व्होल्ट काढला, ट्वीडीने विल्को. १९९५ साली दोघांचेही पहिले अल्बम आले आणि त्यांत सन व्होल्टचा 'ट्रेस' सरळसरळ उजवा आहे, म्हणून दुसरा नंबर त्याचा. विल्को नंतर फार पुढे गेला हे खरं. २००२ साली निघालेला त्यांचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' आधीच्या कंपनीने नाकारला होता आणि बँडने २००१ मध्येच तो आपल्या वेबसाइटवर ऐकवायला ठेवला होता, हा किस्सा कानावर आला असेलच. अल्बम उत्तम आहे, पण तोवर कंट्री मागे पडलं होतं. तो उन्हाळ्याच्या सुटीसाठी ठेवा.

तिसऱ्या अल्बमसाठी मागे जायचं : फ्लाइंग बरिटो ब्रदर्सचा १९६९चा 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन'. ग्रॅम पार्सन्सने आदल्याच वर्षी बर्ड्ससारख्या रॉक बँडला नॅशव्हिलला नेऊन कंट्री गायला लावलं होतं. हा त्याचा पुढचा टप्पा. १९७३ साली, सव्विसाव्या वर्षी तो गेला. नव्वदच्या दशकातल्या बहुतेक ऑल्ट-कंट्रीवाल्यांची पाळंमुळं याच्यापाशी येऊन थांबतात. चौथा, लुसिंडा विल्यम्सचा १९९८चा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'. यातली निदान तीन गाणी थेट गावांच्या नावांची आहेत, जॅक्सन, ग्रीनव्हिल आणि लेक चार्ल्स. मोबाइलवर नकाशा उघडा, मिसिसिपी आणि लुइझियाना ही राज्यं जवळजवळ आहेत हे बघा, मग ऐका. पाचवा, गिलियन वेल्चचा २००१चा 'टाइम (द रेव्हलेटर)'. दोन माणसं, दोन आवाज, दोन गिटार, मधूनच एक बँजो. ढोल-ताशा काही नाही. शेवटचं गाणं जवळपास पंधरा मिनिटांचं आहे आणि ते रात्रीच ऐकावं.

प्रत्येक अल्बम पहिल्यांदा ऐकताना हातात दुसरं काम नको. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. तिसऱ्यांदापासून हवं ते करत ऐका.

प्रश्न : पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. गाणी लावून लिहायला बसलं की तासाभरात एक परिच्छेदही होत नाही. गाणी बंद केली तर संध्याकाळ रखरखीत जाते. वेळ कसा काढायचा? (विद्यापीठ कॅम्पस, अमरावती रोड)

लिहिताना ऑल्ट-कंट्री लावू नका, एवढं सरळ उत्तर आहे. या संगीतात शब्द पुढे असतात, आवाज स्पष्ट मिसळलेला असतो आणि गाण्यात गोष्ट असते. डोळे वाचत असताना कानावर दुसरी वाक्यं पडली की दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात. वाचन, लेखन, पाठांतर या तिन्ही कामांना ते मारक आहे. तुमच्यात शिस्त कमी आहे असा अर्थ त्यातून काढू नका.

संशोधनातली सगळी कामं मात्र शब्दांची नसतात. संदर्भसूचीचं स्वरूपण, आलेखांचे अक्ष आणि रंग नीट करणं, एक्सेलमधल्या नोंदी साफ करणं, प्रयोगशाळेत बरण्या धुणं, लेबलं चिकटवणं, ही कामं आठवड्यात आठ-दहा तास खातात. ती वेगळी काढून एका सलग वेळात टाका आणि तिथे गाणी लावा. अट एकच : त्या वेळी नवा अल्बम नको, आधी दोनदा ऐकलेला हवा. नव्याकडे लक्ष ओढलं गेलं की नोंदी चुकतात.

नव्या अल्बमसाठी बाजूचा हिशेब धरा. एलपीची, म्हणजे जुन्या मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. पन्नास मिनिटं लेखन, मग एक बाजू पूर्ण, मग पुन्हा लेखन. लोकमान्य नगरहून सीताबर्डीला मेट्रोने येतानाही जवळपास एक बाजू होते. डिसेंबरात अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले असतात, तेव्हा बसमध्ये दुसरी बाजूही होऊन जाईल. दुचाकीवर मात्र कानात काही नको. मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही.

हे बिघडतं ते मोबाइलमुळे. बाजू संपली की ॲप स्वतःहून दुसऱ्याच कुणाचं गाणं लावतं आणि वीस मिनिटांची पन्नास होतात. ऑटोप्ले बंद करा, शफल बंद करा, अल्बम आधी उतरवून घ्या आणि ऐकताना फोन फ्लाइट मोडवर टाका. उतरवताना ३२० केबीपीएस या दर्जाला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, १६० ला त्याच्या निम्मे. होस्टेलचं वायफाय रात्री जीव सोडतं, म्हणून हे काम सकाळीच उरका.

प्रश्न : स्वस्तातले ब्लूटूथ इअरबड आहेत. गायकाचा आवाज ठीक, पण ती रडवी स्टील गिटार कानात टोचते. महागडा हेडफोन घ्यावा का? (प्रतापनगर)

थांबा, आधी फुकटातले उपाय करून बघा. माणसाचा कान तीन हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत हळवा असतो आणि स्टील गिटारचा वरचा भाग नेमका तिथे किंवा त्याच्या जवळ येतो. स्वस्त इअरबडमध्ये बरेचदा तोच पट्टा चढवलेला असतो, म्हणजे दुकानात पहिल्या दहा सेकंदांत आवाज 'क्लिअर' वाटतो. ॲपच्या इक्वलायझरमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल खाली घ्या. त्याहून जास्त उतरवलीत तर गायिकेचे शब्द गढूळ होतील.

दुसरं, रबरी टोप्या. सोबत तीन मापं येतात आणि बहुतेक जण मधलं माप चढवून मोकळे होतात. टोपी कानात घट्ट बसली नाही की खर्ज गळून जातो, नुसता वरचा भाग उरतो आणि तो टोचतो. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागणंही साहजिक आहे. मोठा हेडफोन वापरणाऱ्यांनी तो लोकरी कानटोपीवरून चढवू नये, कारण गादी आणि कान यांच्यामध्ये लोकर आली की तीच गळती होते. आधी हेडफोन, मग वरून टोपी. दिसायला विचित्र दिसेल, चालेल.

तिसरी गोष्ट नागपूरची आहे. उन्हाळ्यात इथे कूलरच्या घरघरीवर मात करायला आवाज चढवावाच लागतो आणि ती सवय डिसेंबरातही सुटत नाही. आता कूलर झाकून ठेवलेला, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. वर्षातली सर्वांत शांत खोली याच दोन-अडीच महिन्यांत मिळते. आवाजाची पट्टी तीन-चार घरं खाली आणा आणि दहा मिनिटं कानाला सवय होऊ द्या. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आहे ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०. प्रबंधाच्या दिवसांत रोज सहा तास कानात काहीतरी असतं, तेव्हा हे गणित पाठ असू द्या.

ही शांतता वसूल करायची असेल तर काउबॉय जंकीज या बँडचा १९८८चा 'द ट्रिनिटी सेशन' ऐका. टोरंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये २७ नोव्हेंबर १९८७ला एका मायक्रोफोनभोवती वादक बसवून तो ध्वनिमुद्रित केला. गायिकेचा आवाज वादकांखाली बुडू नये म्हणून तो एका स्पीकरमधून सोडला आणि त्या एकाच माइकने तोही टिपला. सगळा समतोल वादकांना पुढेमागे सरकवून साधलेला. चढ्या आवाजात या अल्बममधलं चर्च हरवतं, बारीक आवाजात ते खोलीत येतं. हे ऐकून झाल्यावरही नवा हेडफोन हवाच वाटला तर वायरचा घ्या; तेवढ्याच पैशांत आवाज उजवा मिळतो आणि सेमिनारच्या सकाळी चार्जिंग संपत नाही.

प्रश्न : या गाण्यांतलं ते घसरत जाणारं वाद्य म्हणजे आपल्याकडच्या जुन्या ऑर्केस्ट्रातली हवाईयन गिटारच ना? मग तिच्यात पेडल कशाला? (महाल)

भावंडं म्हणा. ते घसरत जाणारं वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. दोघींचं मूळ हवाई बेटांवर. गिटार आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी सरकवण्याची पद्धत जोसेफ केकुकूच्या नावावर जमा आहे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. एक फांदी अमेरिकेत कंट्रीत शिरली, दुसरी जहाजांतून कोलकात्यात आली. ताउ मो हा हवाईचा वादक १९४०च्या दशकात तिथे राहिलाही. या हवाईयन गिटारवरच पुढे व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रपटगीतं वाजवली, ब्रिजभूषण काबरा यांनी राग मांडले आणि विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली. राय कूडरबरोबरच्या त्यांच्या १९९३च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. म्हणजे महालातल्या कानाला हे वाद्य परकं वाटू नये.

पेडलचं कारण असं. साध्या हवाईयन गिटारवर कांडी सरकली की तिच्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच अंतराने सरकतात. एका तारेवर मींड घ्यायची असेल तर यात काही अडचण नाही. कंट्रीला मात्र एकाच वेळी दोन-तीन स्वर लागतात आणि त्यांतला एक जागेवर राहून बाकीचे सरकायला हवे असतात. कांडीने ते होत नाही, म्हणून तारा खालून यंत्राने ओढायच्या.

सध्याच्या नेहमीच्या ई-नाइन जुळणीत दहा तारा, डाव्या पायाखाली तीन पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे साधारण चार-पाच दांडे असतात. हार्मोनियम जवळ असेल तर पुढचं पाच मिनिटांत कळेल. ई हा स्वर सा धरा. सा-ग-प एकत्र दाबा, सगळे शुद्ध. हा झाला पेडल न दाबता निघणारा मेळ. पहिलं पेडल प ला ओढून ध वर नेतं, पूर्ण एक स्वर. दुसरं ग ला म वर नेतं, अर्धा स्वर. दोन्ही दाबली की सा जागचा हलत नाही, ग चा म आणि प चा ध होतो, म्हणजे सा-म-ध, आणि मेळ ई वरून ए वर जातो. हार्मोनियमवर ही उडी आहे. पेडल स्टीलवर दोन्ही स्वर सरकत जातात आणि सा खाली धरून ठेवलेला असतो. गाण्यात जे 'रडवं' वाटतं ते हेच : एक स्वर ठाम, त्याच्या अंगावर दुसरा विरघळत जाणारा.

उजव्या पायाखाली आणखी एक पेडल असतं, आवाजाचं. तार छेडताना ते अर्धवट वर ठेवायचं आणि स्वर विरू लागला की हळूहळू दाबत जायचं. त्यामुळे छेडल्याचा टणत्कार मऊ होतो आणि स्वर लांबतो, गजाच्या वाद्यासारखा. ऐकून सराव करायचा तर अंकल टुपेलोचा १९९३चा 'अॅनोडाइन' लावा, त्यात लॉइड मेन्सची पेडल स्टील आहे. मग बरिटो ब्रदर्सचा स्नीकी पीट क्लाइनो ऐका. तो हेच वाद्य आवाज खरखरीत करणाऱ्या फझ यंत्रातून काढतो आणि ते रडायचं सोडून गुरगुरायला लागतं.

स्वतः वाजवायचं म्हणत असाल तर पेडल स्टीलचा नाद या वर्षी नको. जड, महाग, आणि जुळवण्यातच संध्याकाळ जाईल. घरात पडलेली जुनी गिटार मांडीवर आडवी घ्या. मुंडीकडच्या पट्टीवर बसवायची उंच धातूची पट्टी वाद्यांच्या दुकानात मागा, म्हणजे कांडी पडद्यांवर घासणार नाही. जुळणी डी-जी-डी-जी-बी-डी ठेवा. यात तीन तारा एकेक स्वर खाली येतात आणि तीन तशाच राहतात. इंटरनेटवर डोब्रो या आडव्या वाजवायच्या गिटारची जी-बी-डी-जी-बी-डी जुळणी सापडेल, ती साध्या तारांवर करू नका. सहावी तार तीन अर्धस्वर वर ताणावी लागते. तार तुटते किंवा गिटारचं पोट फुगतं.

प्रश्न : जी, सी, डी हे तीन कॉर्ड येतात. रोज पंधरा-वीस मिनिटंच मिळतात. तरी माझं वाजवणं कॅम्पफायरच्या गाण्यासारखंच वाटतं, कंट्रीसारखं नाही. शिवाय थंडीत गिटार सारखी उतरते-चढते. (हिंगणा रोड)

कॉर्ड तेच आहेत, चूक उजव्या हातात आहे. तुम्ही चारही मात्रांवर सहाच्या सहा तारा झोडपत असणार. कंट्रीत पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्जाची एकच तार वाजते, दुसऱ्या आणि चौथ्यावर फक्त खालच्या तीन बारीक तारांवर छोटा फटका. जी कॉर्डला पहिल्या मात्रेवर सहावी तार, तिसरीवर चौथी. सी ला पाचवी, मग चौथी. डी ला चौथी, मग पाचवी. पहिले चार दिवस डावा हात जी वरच ठेवा आणि मेट्रोनोम ७० वर. फटका मोठा होत असेल तर मनगटाऐवजी कोपर हलतंय. कोपरापुढचा हात गिटारच्या कडेला टेकवून ठेवा.

हे बसलं की जी वरून सी कडे जाताना चार स्वरांची पायरी घाला : सहावी तार तिसरा पडदा, पाचवी मोकळी, पाचवी दुसरा पडदा, पाचवी तिसरा पडदा. पहिले तीन स्वर जी च्या शेवटच्या तीन मात्रांवर आणि चौथा सी च्या पहिल्या मात्रेवर पडला पाहिजे. बहुतेकांची पायरी एक मात्रा उशिरा सुरू होते, मग सी वर पोचायला धावपळ होते आणि लय पळते. तोंडाने मोजा, 'एक' ला जी चा खर्ज आणि 'दोन' पासून पायरी. १०० च्या लयीत न अडखळता जमलं की निम्मं ऑल्ट-कंट्री तुमच्या हातात आलं. बाकीचं निम्मं गाण्यात आहे आणि त्याला कॉर्डची गरज नाही.

सूर हलण्याचं कारण नागपूरचा हिवाळा. दुपारी २८ अंश, पहाटे दहा किंवा त्याखाली. पोलादी तार थंडीत आक्रसते आणि सूर चढतो, दुपारी उतरतो. रात्री वाजवायच्या आधी गिटार पिशवीतून काढून दहा मिनिटं खोलीत ठेवा, मगच जुळवा. बाल्कनीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. लाकडाला खरा धोका मात्र आता नाही, एप्रिल-मे मध्ये आहे. तेव्हा हवा कोरडी ठाक होते आणि पडद्यांची टोकं बाहेर येऊन हाताला खरचटतं. भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला ओला स्पंज घालून ती पिशवीत ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. पाणी टपकता कामा नये, एवढं बघा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवायची असते.

बोटं गारठली असतील तर कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवून पुसा. गारठलेल्या बोटांनी जोर लावला तर मनगट दुखतं. आणि संत्रं सोललं की हात धुतल्याशिवाय तारांना लावू नका. नागपुरी माणसाला हे सांगावं लागतं. त्या आंबट रसाने तारा आठवडाभरात काळ्या पडतात. रूम पार्टनर झोपला असेल तर गिटारच्या ब्रिजजवळ तारांखाली दुमडलेला मोजा सारा. आवाज निम्म्याहून कमी होतो आणि खर्ज उलट जास्त नेमका ऐकू येतो.

प्रश्न : सी पट्टीचा माउथऑर्गन आहे. गाणं सी मध्ये असतं तेव्हा तो वाजतो, पण अल्बममधल्यासारखा दर्द येत नाही. (मानेवाडा)

सी च्या माउथऑर्गनवर जी पट्टीतलं गाणं वाजवा, फुंकण्यापेक्षा ओढण्यावर भर देऊन. पहिल्या चार भोकांतून हवा आत ओढली की डी-जी-बी-डी मिळतात, म्हणजे आयता जी चा मेळ, आणि ओढलेला स्वर जिभेने वाकवताही येतो. तुमचा ऑर्गन दुहेरी पट्ट्यांचा, वीस-चोवीस भोकांच्या जोड्यांचा असेल तर त्यावर स्वर वाकत नाही. दहा भोकांचा डायटॉनिक घ्यावा लागेल. थंडीत वाजवण्याआधी पाच मिनिटं खिशात किंवा मुठीत गरम करा. गार पट्ट्यांवर श्वासातली वाफ जमते आणि स्वर अडकतो.

प्रश्न : शब्दच कळत नाहीत. उच्चार ओळखीचे नाहीत, गावं ओळखीची नाहीत. (कामठी)

दिवसाला एक गाणं, आधी वाचून मग ऐकून. उच्चारांची सवय आठवड्यात होते. गावांचं म्हणाल तर 'मार्च १६–२०' मधलं 'कोलमायनर्स' हे गाणं केंटकीच्या खाणभागातल्या सारा ओगन गनिंगचं आहे : खाणमालक, उपासमार, संघटना करा असं सांगणं. उमरेड किंवा वणीकडे ज्यांच्या घरातलं कुणी कोळसा खाणीत पाळीवर जातं, त्यांना टिपांशिवाय कळेल. तुम्ही कामठीचे आहात, तिथून सुरू करा.

प्रश्न : आजोबांचा सूटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढला. वडिलांनी परदेशातून आणलेल्या दोन-चार कंट्री एलपी आहेत. सकाळी लावलं की गाणं जड, ओढल्यासारखं येतं. दुपारी बरं असतं. (धरमपेठ)

आतलं ग्रीस जुनं होऊन गोंदासारखं घट्ट झालं आहे. पहाटेच्या थंडीत ते आणखी आवळतं आणि तबकडी मंद फिरते. दुपारी सैल पडतं. वेग मोजायची सोपी रीत : तबकडीच्या काठावर कागदाचा बारीक तुकडा चिकटवा आणि तीन मिनिटांत किती फेऱ्या होतात ते मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बरोबर १०० हव्यात. ९७-९८ भरल्या तरी कानाला कळतं, पेडल स्टील तर बेसूरच वाटते. मेकॅनिककडून तबकडीचा दांडा आणि मोटरची बेअरिंगं जुनं ग्रीस काढून पुसून घ्या, दांड्यात हलकं मशीन तेल दोन थेंब. रबरी चाक कडक झालं असेल तर ते बदलावंच लागेल. त्याला चुकूनही तेल लागता कामा नये, लागलं तर घसरतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुई. अशा जुन्या यंत्रांचा हात रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमपर्यंत भार टाकतो. आजच्या चांगल्या प्लेअरवर दीड-दोन ग्रॅम असतो. त्यात सुई झिजलेली असली की प्रत्येक फेरीला खाच खरवडली जाते आणि ते नुकसान भरून येत नाही. नवी सुई बसेपर्यंत वडिलांच्या एलपी त्यावर लावू नका. आजोबांच्या संग्रहातली एखादी चरे पडलेली रेकॉर्ड वेग तपासायला वापरा.